काकूंच्या पारण्याचं पाणी

मला किळस लवकर येते. दुसऱ्यांची घरं साफ करून पोट भरणाऱ्या बाईला हे परवडत नाही, पण माझा पिंडच तसा, काय करणार. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता, फ्रिजमध्ये राहून बुळबुळीत झालेली कोथिंबीर, बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा माणूस, काहीही दिसलं की माझ्या घशाशी येतं. आजवर मी ते गिळत आले. एका दिवशी मात्र गिळता आलं नाही, आणि तो दिवस नेमका देवळात जायचा होता.

यवतमाळकडच्या आमच्या गावातून मी नाशिकला आले ती आठवी अर्धी टाकून. पहिल्या दोन घरांत माझ्यासाठी सिंकखाली वेगळा कप असायचा. एकाला कान नव्हता, दुसऱ्याला चीर गेलेली, आणि चिरेत चहा काळा होऊन बसलेला. तो कप मीच घासायचे, पण चीर काही निघायची नाही. ओठ लावताना मी डोळे मिटायचे.

तिसरं घर काकूंचं. काकू जैन, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यात व्रती. म्हणजे त्यांनी नेम घेतलेले. दिवसातून एकदाच जेवायचं आणि त्याच बैठकीला काय ते पाणी प्यायचं. पाणी विहिरीचंच हवं, जाड दुहेरी कापडातून गाळलेलं आणि मग उकळलेलं. त्यांच्या इमारतीमागच्या बंगल्यात एक जुनी विहीर आहे, म्हणून तर मुलानं मोठ्या फ्लॅटचं बोलणं काढलं तरी काकू हलल्या नाहीत. नळाचं का चालत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"अगं, गाळल्यावर कापडावर बारीक जीव राहतात ना," काकू म्हणाल्या. "ते जिथले तिथं परत सोडायला नकोत का? नळात कुठून सोडशील, सांग बघू."

कापडावर उरलेल्या त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीत ती धुऊन घ्यायची, बादली विहिरीत सोडायची, पाण्याला टेकली की दोरीला हलकासा झटका द्यायचा. मग बादली तिथल्या तिथं उलटते. वरून फेकायचं नाही, जिवांना मार बसतो.

हे काम आधी वहिनी करायच्या, काकूंच्या सूनबाई. पण त्यांची नोकरी, सकाळची धावपळ. एक दिवस काकूंनी मला आंघोळ करून यायला लावलं, धुतलेली साडी नेसवली आणि गाळणं माझ्या हातात दिलं. कांदा-लसूण सोड म्हणाल्या, सोडलं. दिवस मावळल्यावर जेवू नको म्हणाल्या, तेही जमवलं. सख्ख्या नणंदेच्या हातचं पाणी न घेणारी ही बाई माझ्या हातचं घ्यायला लागली. मी गावी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग काय झालं? पानीच तं देल्लं ना?" आईला काय सांगणार. सिंकखालचा कप तिनं बघितला नव्हता.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी तीनदा बघते. काकूंचं पाणी दहादा. कारण अंतराय. ताटात केस निघाला, मेलेलं चिलट दिसलं, जेवताना कुणाला उलटी होताना दिसली नाहीतर ऐकू आली, की अंतराय झाला म्हणतात. हात तिथंच थांबतो. त्या दिवशी पुढे अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, थेट दुसऱ्या दिवशी. मागच्या उन्हाळ्यात वरणात केस निघाला होता. लांब, काळा. माझाच. काकू ताटावरून उठल्या आणि संध्याकाळी चक्कर येऊन बाथरूमच्या दारात पडल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात पाण्याशी खेळ नको. परत असं झालं तर मी जबाबदार नाही." काकूंनी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते कुणालाच कळलं नाही.

यंदा चैत्रात काकूंनी तीर्थाचं काढलं. नाव लिहीत नाही. सटाण्याच्या बाजूला एका डोंगरावरचं लहानसं देऊळ, मोठ्या नावाजलेल्या तीर्थांना जाणारे तिकडे फिरकतही नाहीत. लग्न होऊन आल्यावर काकूंना सासूबाईंनी पहिल्यांदा तिथं नेलं होतं. पाय चालतायत तोवर एकदा जायचं, आदल्या दिवशी निर्जळ उपवास करायचा, आपल्या पायांनी चढून अभिषेक बघायचा आणि खाली येऊन तिथल्याच विहिरीच्या पाण्यानं पारणं सोडायचं, असं त्यांच्या मनात. मी आणि वहिनी बरोबर जाणार होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनींची पाळी आली. त्या दिवसांत देऊळ नाही, पाण्याला हात नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मला म्हणाल्या, "आता सगळं तुझ्यावर आहे बरं. डॉक्टर काय म्हणालेत, माहितीये ना? काहीही कर, पण त्यांच्या पोटात पाणी गेलं पाहिजे."

मी हो म्हटलं आणि रात्रभर गाळण्याचं कापड उजेडात धरून भोकं शोधत बसले.

पहाटे पाचला गाडी निघाली. वीस-बावीस माणसं, बहुतेक वयस्क. वणी मागे पडली तरी कुणी डबा उघडला नव्हता, कारण सूर्य उगवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. सगळी गाडी खिडकीकडे डोळे लावून बसलेली. एक काका मोबाइल हातात धरून जाहीर करत होते, "अजून चार मिनिटं!"

ड्रायव्हर मालेगावचा. तो म्हणाला, "काका, निकल आया ना सूरज, वो देखो सामने!"

"तुझ्या सूर्याचं मला सांगू नकोस. इथं लिहिलेलं असतं."

चार मिनिटांनी सगळे डबे एकदम उघडले. बंद गाडीत ठेपले, लोणच्याचं तेल, तळलेल्या मिरच्या आणि पहाटे घाईत केलेल्या आंघोळींचा ओलसर वास. वळणांचा रस्ता लागल्यावर मागच्या सीटवरच्या मुलीनं पिशवीत उलटी केली. तिच्या आईनं पिशवीला नीट गाठ मारून ती सीटच्या हुकाला अडकवली. पुढचा तासभर ती कोमट पिशवी प्रत्येक वळणाला हलत होती आणि माणसं ठेपले खात होती. मी पदर नाकाला लावून बसले. काकू डोळे मिटून शांत. परवापासून पाणी नाही, ओठांवर पापुद्रे आलेले.

आमच्या पुढच्या सीटवर धुळ्याच्या एक बाई आणि त्यांची सून होत्या. बाई व्रती, काकूंपेक्षा दहा वर्षांनी लहान. बाई मागे वळून मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, "ही कोण? सून?"

"नाही," काकू म्हणाल्या. "माझं पाणी हीच बघते."

"आपल्यातली आहे?"

"माझ्यातली आहे."

"तसं नाही हो. कोणत्या समाजाची?"

"यवतमाळच्या समाजाची," काकू म्हणाल्या आणि परत डोळे मिटले. धुळ्याच्या बाईंनी तोंड असं केलं जणू दाताखाली खडा आला. मला ते तोंड ओळखीचं होतं.

डोंगराला तीन-चारशे पायऱ्या असतील. चपला खाली काढायच्या. पायऱ्यांवर गुटख्याच्या पुड्या, माकडांनी सोललेल्या केळ्यांच्या साली, उन्हात चिकट झालेलं काहीतरी. काकू पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चढत होत्या. मी थुंकीवर पाय पडू नये म्हणून. बघणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच भाविक वाटलो असणार. दर दहा पायऱ्यांना काकू काठीवर भार देऊन थांबायच्या आणि मी विचारायचे, "बसता का?" त्या म्हणायच्या, "बसले तर उठेन का गं?"

वर कातळात कोरलेला गाभारा. आत शिरताच वटवाघळांचा तो उग्र वास आला, आणि त्यावर दुधाचा. मूर्ती काळी, उंच, काही न नेसलेली, डोळे अर्धे मिटलेले. अभिषेक चाललेला. दूध, दही, उसाचा रस, परत दूध. ते तिच्या हनुवटीवरून टपटपत होतं, पायांशी साचत होतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर जात होतं. त्या पन्हळीत आधीचं आंबलेलं दूध पिवळं होऊन कडेला चिकटलेलं. माशा इतक्या, की पन्हळ हलतेय असं वाटावं. तिथूनच बायका छोट्या बाटल्या भरून घेत होत्या, बोटं बुडवून डोळ्यांना, कपाळाला, नातवंडांच्या ओठांना लावत होत्या. एका माणसाचा पाय घसरला आणि तो दुधात बसला. त्यानं उठून ओली पँट हातानं निपटली आणि तेच हात जोडले.

सगळ्यांना तिथं काहीतरी मिळत होतं, ते दिसत होतं. काकूंकडे बघितलं तर त्यांच्या कोरड्या ओठांवर हसू, आणि गालांवरून पाणी वाहतंय. परवापासून कोरड्या राहिलेल्या अंगातून ते कुठून आलं कोण जाणे. मला मात्र फक्त माशा दिसत होत्या. स्वतःचा राग आला. ज्या बाईमुळे मी माणसात आले तिचा देव समोर आणि मी नाक दाबून उभी.

खाली उतरेपर्यंत साडेदहा वाजले. काकूंना धर्मशाळेच्या सावलीत बसवलं. त्यांचे हात थरथरत होते. "पाणी भरून आणते," म्हटलं, तर नुसती बोटं हलवली. बोलण्याइतकी ओल तोंडात नव्हती. मी आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले, कळशी, दोर, तपेलं, गाळणं आणि कडीची छोटी बादली घेऊन मागच्या बाजूला गेले.

विहीर जुनी, दगडी. धर्मशाळेला नळ आल्यापासून तिचं पाणी कुणी काढत नसावं, आमच्यासारखी व्रती माणसं घेऊन येणारे सोडले तर. वाकून बघितलं तर खाली हिरवी साय, आणि सायीवर पिंपळाची कुजकी पानं. दोर सोडून कळशी आपटली तेव्हा साय फाटली आणि वास वर आला. शेवाळाचा, आणि शेवाळाखालचा आणखी कसला तरी.

तिथं अंगण झाडणारी एक बाई खराटा टेकून बघत उभी राहिली. "हाई पानी कोन पेस वं माय?" तिनं विचारलं.

"आमच्या काकू."

"आमना ढोरे बी पेत नहीत." तिनं खराट्यानं दाखवलं. "तठे नळ शे ना!"

नळ मलाही दिसत होता. दहा पावलांवर. कुणीतरी अर्धवट बंद केलेला, स्वच्छ धार गळत होती.

मी कळशी ओढली आणि गाळणं तपेल्यावर बांधून पाणी ओतलं. कापडावर लाल अळ्या. केसाएवढ्या बारीक, वळवळणाऱ्या, कितीतरी. मी तोंड फिरवलं. त्यांना मारायचं नाही, बोट लावायचं नाही, गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुऊन छोट्या बादलीत घ्यायचं आणि जिवंत परत सोडायचं. झाडणारी बाई हसायला लागली. "किडास्ले आंघोळ घाली राह्यनी का वं?"

"हो," मी म्हटलं. दात दाबून दुसरी कळशी ओढली. परत अळ्या. तिसरी कळशी. जिवाणी सोडताना मला वाकून बघावं लागलं, बादली पाण्याला टेकली का म्हणून. तेव्हा पलीकडच्या कपारीखाली काहीतरी करडं दिसलं. पिसं. दोन-तीन सुटी तरंगत होती, आणि मागे, सावलीत, एक गोळा.

विहिरीत मेलेलं असेल तर ते पाणी बाद. हे मला पाठ होतं. वाकून, डोळ्यांवर आडवा हात धरून नीट बघितलं असतं तर कळलं असतं, पारवा आहे की नुसता पिसांचा पुंजका. मी बघितलं नाही. झटका देऊन बादली उलटवली आणि मागे सरले. गावात दुसरी विहीर होती की नाही, विचारलंही नाही. काकूंची थरथरणारी बोटं डोळ्यासमोर होती, आणि खरं सांगायचं तर त्या विहिरीत परत तोंड घालायची माझी हिंमत नव्हती.

पाणी खळखळून उकळलं. पितळी तपेल्यात ते स्वच्छच दिसत होतं. वर वाकले तर वाफेला विहिरीचा वास.

व्रतींच्या जेवणाची खोली वेगळी. तिथं तेव्हा दोघीच होत्या. काकू पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून पाटावर बसल्या, धुळ्याच्या बाई दाराकडे तोंड करून समोरच्या कोपऱ्यात, त्यांचं ताट अर्धं झालेलं. दोघींचंही जेवताना मौन. मी काकूंच्या वाटीत पाणी ओतलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. डोळे अधू, तरी सवयीनं बराच वेळ बघितलं. कान मात्र तीक्ष्ण आहेत त्यांचे. मग वाटी ओठांना लागली.

पहिला घोट घशाखाली उतरतानाचा आवाज खोलीत ऐकू आला. दुसरा. पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्याच्या सुरकुत्यांत शिरलं. त्यांनी वाटी पुढे केली, मी भरली. त्या इतक्या आवडीनं पीत होत्या, जिभेनं ओठ चाटत होत्या, आणि मला एकदम त्या जिभेवर ती लाल वळवळ दिसली, ते करडं ओलं पीस दिसलं. पोटातून उसळलं. मी मागे सरले, पदराचा बोळा तोंडात कोंबला. थांबलं नाही. दाराशी पोचेपर्यंत तोंडात आलं आणि घशातून तो आवाज निघाला.

तेवढ्यात धुळ्याच्या बाई मोठ्यानं णमोकार म्हणायला लागल्या. मोठ्यानं म्हणजे ओरडूनच. त्यांच्या आवाजानं खोली भरून गेली. मी उंबऱ्याबाहेर गटारीवर वाकले आणि आतून त्यांचा मंत्र चाललेला, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मला मोकळं व्हायला लागला तितका वेळ.

तोंड धुऊन वर बघितलं तर त्या बाहेर येऊन उभ्या होत्या. हात धुतलेले, ताट आत तसंच.

"तुमचं जेवण?" मी विचारलं.

"मौन मोडलं ना माझं. आणि बघितलंय मी तुला. आता उद्या." त्यांचा आवाज बसला होता. मी वाकून पायांना हात लावायला गेले तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "हात नको लावूस. घाण झालीयेस तू."

"काकूंनी ऐकलं का?"

"नाही. पितेय ती. चौथी वाटी, स्वतः ओतून घेतेय." मग त्या जवळ आल्या. "विहिरीत काय होतं?"

"अळ्या होत्या. त्या सोडल्या."

"अळ्यांना एवढं होत नाही कुणाला."

मी मग सांगितलं. पिसं होती. मागे काहीतरी होतं.

"मेलेलं?"

"मी बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

"बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या सीटवरून बघितलं होतं तसंच. मग म्हणाल्या, "माझं पाणी माझ्या सुनेनं भरलंय. त्याच विहिरीतून. म्हणाली, आई, स्वच्छ आहे." आणि पुढे, "तीही तुझ्यासारखंच बघत असेल."

"काकूंना सांगू का?"

"मला विचारू नकोस. माझ्या गळ्यात घालू नकोस ते." त्या पदर सावरत सावलीकडे निघून गेल्या. संध्याकाळी गाडीत त्यांच्या सुनेनं विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की चुकून मौन मोडलं, म्हणून उठले. बाईंनी माझ्यासाठी केलं की काकूंसाठी, मला आजही कळलेलं नाही. त्यांच्याबद्दल चांगलं वाटायला हवं. पण आठवतं ते त्यांचं मागे सरणं.

मी चूळ भरून, हात घासून आत गेले. काकूंचं पारणं झालं होतं. दोन घास मुगाची डाळ, अर्धी भाकरी, आणि तपेलं जवळजवळ रिकामं. चेहऱ्यावर रंग आला होता. मौन सुटलेलं.

"ती का ओरडत होती गं?" त्यांनी विचारलं.

"भक्ती आली असेल."

काकू खुदकन हसल्या. "आवाज पत्र्यासारखा आहे. पण बघ, माझ्या पारण्याला मंत्र मिळाला." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "विहीर खोल होती का? दमलीस ना?"

इथं सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, प्रायश्चित्त घेतलं असतं, कदाचित आणखी दोन दिवस पाणी सोडलं असतं. आणि पुढच्या दिवसापासून गाळणं परत वहिनींच्या हातात गेलं असतं. यांतल्या कशाला मी जास्त भ्याले हे मला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

"नाही," मी म्हटलं. "पाणी वरच होतं."

"गोड होतं हं. सासूबाईंबरोबर आले होते तेव्हा होतं तसंच." त्यांनी वाटीत उरलेल्या पाण्यात बोटं बुडवली, तो ओला तळवा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्यामुळे झालं बाई माझं तीर्थ."

पाणी केसांतून कपाळावर आलं, नाकाच्या कडेनं खाली उतरलं आणि ओठांपाशी येऊन थांबलं. काकूंचा हात डोक्यावर होता, त्यामुळे पुसता येईना. मी ओठ घट्ट मिटून तशीच वाकून राहिले.